बाबांचं इंजेक्शन: इंटरफेरॉन कॅन्सरच्या पेशींशी नेमकं काय करतं?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. बाबा ६४ वर्षांचे आहेत, वीज मंडळातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी आंघोळीनंतर अंगाला भयंकर खाज सुटायची आणि डोकं सतत दुखायचं, म्हणून तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन १९ च्या वर निघालं, जॅक-२ ची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे लाल पेशी वाढून रक्त दाट होणारा रक्ताचा कॅन्सर, असं निदान झालं. तेव्हापासून अधूनमधून रक्त काढतात, रोज ॲस्पिरिन असते आणि हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल होत्या. आता तोंडात फोड येऊन राहिले आहेत आणि घोट्याजवळची जखम भरतच नाही. त्यामुळे डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुचवलं आहे. काका म्हणतात, ‘हे तं काविळीचं इंजेक्शन होय, कॅन्सरले काय करन?’ शेजारच्या आजोबांना कधीकाळी किडनीच्या कॅन्सरसाठी हेच दिलं होतं, ते अंथरुणातून उठत नव्हते. हे इंजेक्शन कॅन्सरच्या पेशी मारतं तरी कसं? ही केमोच आहे का? माझ्या मामेभावाला तंबाखू-सुपारीच्या खर्र्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला आहे, मग त्याला हे का देत नाहीत? सोबत गुळवेलीचा काढा चालेल का? आणि एक सांगायचं राहिलं. बाबांना आम्ही ‘तुमचं रक्त घट्ट होतं’ एवढंच सांगितलं आहे. कॅन्सर हा शब्द घरात कोणी काढत नाही.

— एक मुलगी

उत्तर

ताई, आधी तुमच्या मनातली मोठी भीती. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे डोस आणि वेळापत्रक त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून हा बदल योग्य वाटतो. तोंडातले फोड आणि घोट्याजवळची न भरणारी जखम हे हायड्रॉक्सियुरियाचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. अशी जखम झाली की ते औषध पुढे रेटत नाहीत, आणि त्यानंतर इंटरफेरॉनचा विचार करणं ही या आजारातली रुळलेली वाट आहे.

काकांचं म्हणणंही खोटं नाही. हिपॅटायटिस बी आणि सी या काविळींसाठी हे इंजेक्शन आपल्याकडे वर्षानुवर्षं दिलं गेलं. सी साठी २०१४ च्या सुमारास थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि त्याचा तिथला वापर ओसरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, झायडस कंपनीच्या पेगिलेटेड इंटरफेरॉनला भारतात कोविडसाठी तातडीच्या वापराची मंजुरी मिळाली होती. एकच औषध विषाणूवरही चालतं आणि कॅन्सरवरही, याचं काकांना नवल वाटणं साहजिक आहे. त्याचं कारण समजलं की तुमचा पहिला प्रश्न अर्धा सुटतो.

१९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले. उष्णता देऊन निकामी केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांच्यावर सोडला. मग त्या तुकड्यांभोवतीचा द्रव काढून तो नव्या, ताज्या तुकड्यांना दिला. या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला तरी तो नीट वाढेना. म्हणजे आधीच्या पेशींनी द्रवात असं काही सोडलं होतं, की ते मिळताच दुसऱ्या पेशी सावध झाल्या. त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच याच्या जवळ जाणारं निरीक्षण नोंदवलं होतं.

या प्रयोगातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या द्रवाने विषाणूला हातही लावला नव्हता. तो पेशींशी बोलला आणि जे करायचं ते पेशींनी केलं. बाबांच्या इंजेक्शनचंही तेच आहे. त्यात कॅन्सरची पेशी जाळणारं विष नसतं, एक निरोप असतो. नागपूरच्या महाल भागातल्या दाट वस्तीत एका घरात चोर शिरला आणि घरच्या बाईने आरोळी ठोकली, की शेजारचे चोर बघायला थांबत नाहीत. ते आधी आपापली दारं लावून घेतात आणि कोणीतरी पोलिसांना फोन करतो. इंटरफेरॉन म्हणजे ती आरोळी.

तेव्हा ही केमो नाही. हायड्रॉक्सियुरिया खऱ्या अर्थाने केमोच्या कुळातलं आहे. पेशीला नवा डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल ते अडवतं. इंटरफेरॉन हे मात्र प्रथिन आहे आणि ते तुमच्या-माझ्या शरीरात आपोआप तयार होतं. फ्लू झाला की अंग मोडून येतं, थंडी वाजते, काही खावंसं वाटत नाही. यातला बराच भाग विषाणूचा नसतो, शरीराने सोडलेल्या इंटरफेरॉनचा आणि त्याच्या सोबत्यांचा असतो. इंजेक्शननंतर येणारा ताप त्यामुळेच येतो.

आता पेशीच्या आत काय घडतं ते. डीएनए केंद्रकात असायला हवा. त्याचा मोकळा तुकडा केंद्रकाबाहेर सापडला तर काहीतरी बिनसलेलं असतं. तो विषाणूचा असेल, नाहीतर पेशीचेच गुणसूत्र तुटून सांडलेलं असेल. असे तुकडे हुडकणारं सीगॅस नावाचं प्रथिन अमेरिकेत टेक्सासमधल्या झिजियान चेन यांच्या गटाने २०१३ मध्ये जगापुढे मांडलं. सीगॅसला तुकडा सापडला की ते स्टिंग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं आणि पेशी इंटरफेरॉन बनवू लागते. कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तर सारखा तुटत असतो. म्हणून विषाणूसाठी बनलेली ही यंत्रणा कॅन्सरमध्येही जागी होते. काकांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

बाहेर पडलेलं इंटरफेरॉन शेजारच्या पेशीवरच्या दोन भागांच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक-१ आणि टिक-२ ही दोन एन्झाइमं बसलेली असतात. ती जागी होऊन स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करतात. खूण झालेली जोडी एका तिसऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुकं चालू करते. शेकडो म्हणजे खरोखरच शेकडो. या औषधाचे गुण आणि त्रास दोन्ही इतके पसरट का, ते इथे कळतं.

यातली काही जनुकं पेशीचं विभाजन थांबवतात. पी-२१ नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी पुढची फेरी सुरू करत नाही. काही जनुकं पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना मंदावतात. काही तिला आत्मनाशाकडे ढकलतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची सोय असते आणि कॅन्सरची पेशी ती दाबून बसलेली असते. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम वेगळंच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत कोणती प्रथिनं बनत आहेत त्यांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी फिरत फिरत ते तपासतात आणि बिघडलेला तुकडा दिसला की त्या पेशीला मारतात. अनेक कॅन्सर पेशी हे मांडणंच बंद करतात. इंटरफेरॉन त्यांना पुन्हा मांडायला लावतं. शिवाय ते नैसर्गिक मारक पेशींना चेतवतं, आणि डेन्ड्रायटिक पेशींना टी पेशींची शिकवणी नीट घ्यायला लावतं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढही ते आवरतं.

म्हणजे कॅन्सरची पेशी मरते, पण अनेकदा तिला मारणारा हात दुसऱ्याचा असतो.

बाबांच्या आजारात ही गोष्ट आणखी खोल जाते. पॉलिसायथेमिया व्हेरा हा बोन मॅरोमधल्या एका स्टेम सेलचा, म्हणजे रक्ताच्या पेशी जिच्यापासून बनतात त्या मूळ पेशीचा, आजार आहे. तिच्या जॅक-२ जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. हा बदल २००५ मध्ये सापडला आणि या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तोच असतो. एरवी शरीराकडून ‘लाल पेशी हव्यात’ असा आदेश आला तरच जॅक-२ चालू होतं. बाबांच्या त्या पेशींत ते आदेश नसतानाही चालूच राहतं. त्यातून लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं, आणि गुठळी होऊन लकवा किंवा हृदयविकाराचा धोका येतो. रिपोर्टमधलं जॅक-२ आणि वर सांगितलेलं जॅक-१ ही एकाच घराण्यातली एन्झाइमं आहेत, पण बाबांना मिळणारं अल्फा इंटरफेरॉन आपला निरोप जॅक-१ आणि टिक-२ मार्फत पोचवतं.

हायड्रॉक्सियुरियाने रक्ताचे आकडे खाली येतात, मात्र ती सदोष स्टेम सेल बहुतेक तशीच शाबूत राहते. स्टेम सेल बराच काळ निद्रिस्त असतात आणि निजलेल्या पेशीवर केमोचा फारसा परिणाम होत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की अल्फा इंटरफेरॉन या निजलेल्या स्टेम सेलना जागं करून विभाजनाला लावतं. पुढे जॅक-२ चा दोष असलेल्या उंदरांत दिसलं की सदोष स्टेम सेल निरोगी स्टेम सेलपेक्षा यात जास्त दमतात आणि हळूहळू संपत जातात. रुग्णांत त्याचा माग रक्ततपासणीत घेता येतो. सदोष जॅक-२ चं प्रमाण वर्षागणिक उतरताना दिसतं, काहींत ते अगदी थोडं उरतं. मला या औषधाबद्दल मनापासून आशा वाटते ती याच कारणाने. या आजारात आजाराच्या मुळापर्यंत जाणारी औषधं फार थोडी आहेत.

पण ‘हळूहळू’ हा शब्द घरातल्या सगळ्यांनी मनात धरायचा. रोपेगइंटरफेरॉन हे याच औषधाचं नवं, दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचं रूप. त्याची हायड्रॉक्सियुरियाशी तुलना झाली तेव्हा पहिल्या वर्षाअखेरीस रक्ताचे आकडे पूर्ण ताळ्यावर आलेले रुग्ण इंटरफेरॉनच्या गटात ४३ टक्के होते आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गटात ४६ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. तिसऱ्या वर्षाअखेरीस तेच आकडे ७१ आणि ५१ झाले. सहा महिन्यांनी कोणी म्हणालं की ‘काही फरक दिसून नाही राहिला, बंद करा’, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. दरम्यान रक्त काढणं आणि ॲस्पिरिन डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहील. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट लिहिलेला आकडा ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. तो त्याखाली राहिला तर गुठळ्यांचा धोका स्पष्टपणे कमी होतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीने दाखवलं आहे.

आता शेजारचे आजोबा. त्यांना जे भोगावं लागलं ते खरं आहे, पण ते बाबांच्या वाट्याला तसंच येईल असं समजू नका. त्या काळी किडनीचा कॅन्सर आणि मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर यांत इंटरफेरॉन फार मोठ्या मात्रेत, आठवड्यातून अनेकदा दिलं जाई. आजचं पेगिलेटेड रूप म्हणजे इंटरफेरॉनला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडलेली असते. त्यामुळे ते रक्तातून सावकाश बाहेर पडतं, आठवड्याला किंवा दोन आठवड्यांना एक इंजेक्शन पुरतं, आणि चढउतार कमी होतात. हिपॅटायटिस सी मध्ये पेगिलेटेड अल्फा-२ए ची मात्रा आठवड्याला १८० मायक्रोग्रॅम असे. बाबांसारख्या रुग्णांत डॉक्टर बहुधा ४५ किंवा ९० पासून सुरुवात करतात आणि बेताबेताने वाढवतात.

या औषधाच्या वाट्याला आधी फार मोठी आशा आली आणि मग तेवढीच मोठी निराशा. १९७० च्या दशकात ते फिनलंडमध्ये कारी कांतेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून तयार करत. ते इतकं दुर्मीळ होतं की जगभरच्या संशोधकांना थेंबाथेंबासाठी थांबावं लागे. १९७८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्याच्या चाचण्यांसाठी वीस लाख डॉलर बाजूला काढले. १९८० मध्ये त्याचं जनुक जिवाणूंत घालून हवं तेवढं इंटरफेरॉन बनवता येऊ लागलं आणि कॅन्सर संपला असा गाजावाजा सुरू झाला. कॅन्सर संपला नाही. पण हेअरी सेल ल्युकेमिया नावाच्या विरळ रक्ताच्या कॅन्सरमध्ये १९८४ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी सात रुग्णांना ते दिलं आणि सातही जणांना गुण आला. १९८६ मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही ते बरीच वर्षं मुख्य औषध होतं, २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी येईपर्यंत. स्तन, आतडं, फुफ्फुस यांच्या गाठींत मात्र नुसत्या इंटरफेरॉनने निराशाच केली. ते सगळ्या कॅन्सरवर चालत नाही म्हणून वाया गेलेलं औषध ठरवलं गेलं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. जिथे चालतं तिथे ते खरोखर चालतं, आणि बाबांचा आजार त्यांतला आहे.

मामेभावाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये इंटरफेरॉनचं इंजेक्शन न देण्यामागे कोणाची हयगय नाही. गाठीचे कॅन्सर या निरोपापासून सुटण्याच्या वाटा शोधतात. इंटरफेरॉन अल्फा आणि बीटाची जनुकं नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाकडे दाटीने बसलेली आहेत, त्यांच्या शेजारीच कॅन्सरला आवर घालणारं एक महत्त्वाचं जनुक आहे, आणि अनेक गाठींत हा सगळा तुकडाच गळून पडलेला असतो. काही गाठी जॅकची जनुकं बिघडवून बहिऱ्या होतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे काही गाठी हाच निरोप स्वतःच्या बचावाला वापरतात. टी पेशी गाठीत शिरून गॅमा नावाचं दुसऱ्या प्रकारचं इंटरफेरॉन सोडतात, तेव्हा गाठीच्या पेशी ते ऐकून पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन उभं करतात, आणि त्याला स्पर्श होताच टी पेशी ढिल्या पडतात. आरोळी लांबली तर ती अशी उलटते. म्हणूनच ‘जास्त इंटरफेरॉन म्हणजे जास्त फायदा’ हे गणित चुकतं.

पीडी-एल-१ ची ही खेळी मोडणारी औषधं म्हणजे आज ज्याला सगळे इम्युनोथेरपी म्हणतात ती. त्यांतलं निवोलुमॅब पूर्ण मात्रेत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या केमोसोबत देऊन पाहिलं. एक वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण नुसत्या केमोच्या गटात १६ टक्क्यांच्या आसपास होतं, निवोलुमॅब जोडलेल्या गटात ४३ टक्क्यांच्या आसपास. मामेभावाचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. शस्त्रक्रिया आणि रेडिएशनने बरा होण्यासारखा असेल तर तीच पहिली वाट, आणि ती लांबवू नका. आजार पसरलेला किंवा परत आलेला असेल तर या कमी मात्रेच्या उपचाराबद्दल त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि खर्रा आजपासून बंद. उपचार चालू असतानाही खाणारी पोरं विदर्भात दिसतात, आणि त्यांच्यात नव्या जागी दुसरा कॅन्सर उगवू शकतो.

काढ्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतातल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ पासून प्रसिद्ध केल्या आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, तशा प्रकारची ही सूज होती. इंटरफेरॉनही त्याच दिशेने ढकलू शकतं. दोन्ही एकत्र घेतले आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्या, तर दोष कोणाचा ते कळणार नाही आणि उपयोगाचं औषध बंद करावं लागेल. प्रतिकारशक्ती सरसकट ‘वाढवणं’ ही कल्पनाच इथे धोक्याची आहे. बाबांना एक ठरावीक निरोप, मोजून, ठरावीक काळ द्यायचा आहे.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेली गोष्ट. ताई, बाबांना सांगा. त्यांच्यापासून हे लपवण्यामागचं प्रेम मला कळतं, आपल्याकडे बहुतेक घरं असंच करतात. पण हे इंजेक्शन काही वर्षं घ्यायचं आहे. मनावर होणारा परिणाम हा त्याचा सगळ्यांत गंभीर दुष्परिणाम आहे. काही रुग्णांना उदासी येते, चिडचिड होते, झोप उडते, क्वचित जीव नकोसा वाटतो. बाबांच्या वयाचे पुरुष हे आपणहून बोलत नाहीत. आणि ज्याला आपण हे का घेतो आहोत तेच ठाऊक नाही, तो ‘अंग दुखतं’ म्हणून तिसऱ्या इंजेक्शनला नाही म्हणेल, किंवा उदासी लपवेल. त्यांना कधी पूर्वी नैराश्य आलं असेल, त्यावर गोळ्या घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, आणि ते फक्त त्यांनाच नीट माहीत असेल.

कसं सांगायचं? एकदम सगळं नको. दुपारी घरात गर्दी नसताना तुम्ही आणि आई बसा. म्हणा, ‘बाबा, तुमचं रक्त घट्ट होतं ते बोन मॅरोतल्या एका बिघाडामुळे. डॉक्टर त्याला रक्ताच्या कॅन्सरच्या गटात धरतात, पण तो सावकाश चालणारा आहे, आणि त्यावर चांगलं औषध आहे.’ हे सगळं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा आजार कॅन्सरच्याच गटात आहे, आणि नीट उपचार घेणारे बरेच लोक त्याच्यासोबत दशकं काढतात. त्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. ते गप्प बसले तर बसू द्या. मला वाटतं, दोन वर्षं दर काही आठवड्यांनी रक्त काढायला जाणाऱ्या माणसाच्या मनात प्रश्न आलाच नसेल असं नाही.

सुरुवात करण्याआधी या तपासण्या झाल्यात का ते पाहा: थायरॉईड, यकृत, हिपॅटायटिस बी आणि सी, साखर. डोळ्यांच्या पडद्याचीही तपासणी करून घ्या, विशेषतः बाबांना मधुमेह किंवा बीपी असेल तर. इंटरफेरॉनने थायरॉईड बिघडू शकतो आणि थकवा, उदासी त्यातूनही येते, म्हणून ती तपासणी दर काही महिन्यांनी पुन्हा करतात. घरात कोणाला सोरायसिस, संधिवात किंवा प्रतिकारशक्तीचा दुसरा आजार असेल तर तेही सांगा. खर्चाबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं. आणि दुसरं मत हवं असेल तर रक्तविकारतज्ज्ञाचंच घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), मिहानचं एम्स, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सगळं हाताशी आहे. मुंबईला धावण्याची गरज या आजारात सहसा पडत नाही.

एप्रिल लागला आहे, तेव्हा इंजेक्शनची काळजी वेगळी घ्यावी लागेल. हे प्रथिन आहे, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतं. धंतोलीतून घ्या की सीताबर्डीवरून, दुकानदाराने ते फ्रिजमधून तुमच्यासमोर काढलं पाहिजे. थर्मासच्या डब्यात जेल पॅक ठेवा, पण इंजेक्शन बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इंजेक्शन फुकट जातं. गाडीच्या डिकीत ठेवून मध्येच दुसरं काम करायला थांबू नका, मे महिन्यात तिथे काही मिनिटांत भट्टी होते. घरी फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरच्या खालीही नको. वीज बराच वेळ गेली तर फ्रिज उघडू नका.

पहिलं इंजेक्शन शनिवारी रात्री झोपण्याआधी द्या, म्हणजे ताप आणि अंगदुखीचा भर झोपेत निघून जाईल आणि रविवारी सगळे घरी असाल. डॉक्टरांच्या परवानगीने अर्धा-एक तास आधी पॅरासिटामॉल देता येतं. पोट आणि मांडी अशी जागा आळीपाळीने बदला. पाणी भरपूर पाजा. नागपूरच्या उन्हात शरीर सुकलं की बाबांचं रक्त आणखी दाट होतं, त्यामुळे दुपारी अकरा ते पाच बाहेर नको. इंजेक्शनचा ताप बहुधा एका दिवसात उतरतो, आणि पहिल्या काही आठवड्यांनंतर कमी होत जातो. दोन दिवसांहून जास्त ताप राहिला, तर ‘इंजेक्शनचाच असेल’ म्हणून घरी थांबू नका. मलेरिया, डेंगू आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्या. छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकच पाय सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर फोन करत बसायचं नाही, थेट जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं.

घोट्याच्या जखमेचं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. ती किती मोठी आहे, काळी पडली आहे का, तिथे वास येतो का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोजे काढून दाखवा. हायड्रॉक्सियुरिया थांबल्यावर अशा जखमा भरू लागतात, पण त्याला काही आठवडे ते महिने जातात. तोवर रोज मलमपट्टी हवी, बाबांनी अनवाणी फिरायचं नाही, आणि रात्री पाय उशीवर जरा उंच ठेवायचे.